जळगावात दुकानाला १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे तरी बिलिंग अडकतं, काय करू?

आधी वायफाय बाजूला ठेवा, राउटरमधून लॅपटॉपला थेट लॅन केबल लावा आणि बाकीचे सगळे मोबाईल काढून स्पीड टेस्ट घ्या. तिथे नव्वदच्या वर येत असेल तर इंटरनेट कंपनीशी भांडून उपयोग नाही, घोळ बहुतेक वायफायचा आहे. दाणा बाजारात कितीतरी दुकानांत राउटर लोखंडी कपाटामागे कोंबलेला असतो, मग सिग्नल येणार कुठून? मोकळ्या जागी उंचावर लावा, बिलिंगचा पीसी मात्र केबलवरच ठेवा, मागच्या गोडाउनला वायफायचा २.४ गीगाहर्ट्झचा बँडच बरा पडतो, तो लांबवर पोचतो. आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग क्लाउडवर जातंय का ते बघाच, सगळा अपलोड तोच खातो. केबलवरही कमी आलं तर स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार टाका, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय राहू नका.