एका भिंतीच्या अल्याड-पल्याड

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

आईबाबांच्या घरासाठी तू पाठवलेली दोन्ही माहितीपत्रकं वाचली. पुण्याजवळ भूगावच्या बाजूला एकमेकींना खेटून दोन ज्येष्ठ नागरिक वसाहती, एक दहा वर्षं जुनी, एक अजून बांधकामात. आणि साताऱ्याचं घर विकून येणारे पैसे एकदाच खर्च होणार. तुझी घालमेल कळते. तू केलेला तक्ताही पाहिला. पोहण्याचा तलाव, ग्रंथालय, योगवर्ग, कुठे काय आहे आणि काय नाही. तो तक्ता तूर्त बाजूला ठेव आणि दोन्हीकडे एकच विचार: बिल्डर निघून गेल्यावर हा गाडा कोण ओढणार?

साध्या सोसायटीत बिल्डर गेला तरी झाडलोट होते, पाणी चढतं, दिवस निघतात. इथे तू जास्तीचे पैसे मोजणार आहेस ते जेवणघर, नर्स, रुग्णवाहिका आणि पलंगाशेजारच्या घंटीसाठी. या गोष्टी विटांनी बांधता येत नाहीत. त्या रोज कुणीतरी कराव्या लागतात.

हे मी अनुभवातून सांगतो. माझ्या वडिलांना अशाच एका वसाहतीत ठेवलं होतं, नाव घेत नाही. एका रात्री अडीच वाजता त्यांच्या छातीत दुखायला लागलं, त्यात वीज गेलेली. जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हतं. देखभालीची एजन्सी महिन्यापूर्वी बदलली होती आणि डिझेल कुणी भरायचं हे नव्या करारात लिहिलंच नव्हतं. मी आणि वॉचमनने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, आईच्या साडीने कमरेला बांधलं आणि चौथ्या मजल्यावरून जिन्याने उतरवलं. प्रत्येक वळणावर त्यांचे गुडघे भिंतीला घासत होते आणि ते म्हणत होते, "हळू रे, घाई नको." ते वाचले. पण मी त्या जागेचा व्यवहार बँकेतल्या माणसाच्या डोळ्यांनी तपासला होता, मालकी हक्कापासून बांधकामाच्या परवान्यापर्यंत, आणि डिझेलबद्दल विचारलं नव्हतं, हे अजून सलतं.

म्हणून जुन्या वसाहतीत पहिल्यांदा कमिटीकडे तीन वर्षांचे हिशेब माग. मासिक देखभाल दर वर्षी किती वाढली, सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीत, किती आहे, जेवणाचा ठेकेदार किती वेळा बदलला. द्यायला टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समज. नोंदणीकृत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट असोसिएशन, तेही विचार. सोसायटीत सेवाशुल्क साधारणपणे प्रत्येक सदनिकेला सारखं बसतं, तर १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली ते अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात, म्हणजे मोठ्या घराला जास्त. शुल्क महिना ७,५०० च्या वर गेलं आणि संस्थेची उलाढाल २० लाखांच्या पुढे असली, तर १८ टक्के जीएसटीही येतो. बाबांच्या पेन्शनमध्ये हे बसतं का, ते आजच्या नाही, दहा वर्षांनंतरच्या आकड्याने बघ.

नव्या प्रकल्पाचं महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पान असेल. ताबा कधी, मुदतवाढ किती वेळा घेतली, तक्रारी किती, सगळं तिथे दिसतं. निवृत्तांसाठीच्या प्रकल्पांना २०२४ पासून महारेराने किमान निकष घातले आहेत आणि ते विक्री करारात यायला हवेत. दारं निदान ९०० मिलिमीटर रुंद हवीत, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते.

परवा मी टेप घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो. नव्याच्या नमुना सदनिकेत दारं बरोबर निघाली, पण न्हाणीघराला दीड इंचाचा उंबरा आहे. तुझ्या आईचे गुडघे आठवले.

जुन्या वसाहतीत सकाळी आठ वाजून गेले होते. रंग उडालेला, लिफ्ट कुरकुरणारी. एक मावशी व्हरांड्यातून प्रत्येक दाराच्या कडीकडे बघत चालल्या होत्या. एका कडीला दुधाची पिशवी अजून लटकत होती. त्या थांबल्या, बेल वाजवली, पुन्हा वाजवली. आतून आवाज आला, "अगं, देवपूजेला बसले होते!" मावशींनी वहीत टिंब केलं आणि पुढे गेल्या. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाल्या, तीन वर्षांपूर्वी एक आजोबा दुपारपर्यंत पडून राहिले होते, तेव्हापासून करतो. माझा कौल कुठे आहे, तुला कळलं असेल.

तरी जुन्याच्या करारातली दोन कलमं मला दाखवल्याशिवाय सही करू नका. पहिलं वयाचं. राहणाऱ्याला ५५ किंवा ६० ची अट असेल, तर वारस म्हणून घर तुझं होईल, पण तुला तिथे राहता येणार नाही. विकायचं तर गिऱ्हाईकही त्याच वयाचं शोधावं लागेल. दुसरं, विस्मरण वाढलं किंवा अंथरुण धरलं तर "इतरत्र सोय करावी" असं काही लिहिलंय का. असलं तर त्या दिवशी आईबाबांना कुठे नेणार, हे आजच ठरवायला हवं.

बाबा म्हणताहेत घर तुझ्या नावावर घ्यावं. नको. दोघांच्या नावावर घ्या, म्हणजे एक जण मागे राहिला तरी तो स्वतःच्या घरात असेल. नॉमिनी हा मालक नसतो, म्हणून दोघांचं मृत्युपत्रही त्याच महिन्यात करून टाका.

आणि संध्याकाळी साडेसहाला तिथून चांदणी चौकमार्गे कोथरूडच्या रुग्णालयापर्यंत एकदा गाडीने जा. घड्याळ लावून.

जुन्या वसाहतीत पाहुण्यांची खोली भाड्याने मिळते, मी चौकशी केली आहे. आईबाबांना आठ दिवस तिथे राहू दे, शक्यतो पावसाळ्यात. तू नसलीस तरी चालेल, मी रोज चक्कर मारीन. बंगळूरहून येताना दोन्ही करारांचे मसुदे घेऊन ये.

तुझा,
काका