तिसऱ्या मजल्यावर मांडूळ आलं कसं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या गोष्टीत प्राणी वाचवणारी मुलगी हौशी गुप्तहेर म्हणून दाखवायची आहे, खून-रक्तपात नको, मग तिने तपास कशासाठी करावा आणि कसा?

मी गेली नऊ वर्षं पुणे जिल्ह्यात साप पकडायला जाते. तिला तपासाचं वेगळं कारण द्यावंच लागणार नाही. प्रत्येक कॉलला पहिला प्रश्न तोच असतो : हे जनावर इथे आलं कसं? जनावर बोलत नाही, माणसं अर्धंच सांगतात.

गुन्हा मांडुळाचा घ्या. सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर, बाथरूममध्ये बादलीमागे मांडूळ. घरचे म्हणतात, पाइपावरून चढलं असेल. धामण असती तर नायिकेने मान्य केलं असतं, धामण चांगली चढते. मांडूळ मात्र भुसभुशीत मातीत शिरून राहणारा, सुस्त साप. तो तीन मजले चढत नाही. म्हणजे कुणीतरी आणलाय. पहिलं प्रकरण इथेच संपवा.

मांडुळाची शेपूट बोथट, तोंडासारखी दिसते, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. गुप्तधन दाखवतो, पैशांचा पाऊस पाडतो, अशा समजुतींपायी लाखांचे सौदे ठरतात आणि जितकं वजन जास्त तितका भाव चढतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. दुसरं तोंड खरं वाटावं म्हणून काही जण शेपटीवर डोळ्यांसारख्या जखमा करतात. तुमच्या नायिकेला पिशवीत घेताना त्या ताज्या खुणा दिसू द्या. बिनविषारी, गरीब जीव आहे तो. ते बघून तिचा जीव तुटला पाहिजे, कारण तपास तिथून पेटतो.

आता तिची खरी ताकद. पोलिसांना घराची झडती घ्यायची तर कारण लागतं. तिला लोक स्वतःच म्हणतात, "ताई, सिलिंडरमागे बघा, दिवाणाखाली बघा, माळ्यावरही बघून घ्या." घाबरलेलं घर काही लपवत नाही. सगळे सोफ्यावर उभे असतात आणि एक लहान मुलगा खालीच बसून सांगतो, "ते चावत नाही. त्याला वाळू लागते." त्याला कसं माहीत? असे धागे वापरा, फार सुंदर बसतील.

तिच्याकडे वहीही हवी : कॉल किती वाजता आला, कुणाच्या नंबरवरून, साप कुठे मिळाला, कुठे सोडला. जुनी पानं चाळताना एकच नंबर दोनदा सापडला तर वाचक सरसावून बसेल.

गुन्हेगार शेजारचाच ठेवा, कर्जाने पिचलेला, भोंदूच्या नादी लागलेला. अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना राक्षस करू नका. आणि तिला एकटीला सौदा उधळायला पाठवू नका. खऱ्या आयुष्यात आम्ही १९२६ या हेल्पलाइनवर वनविभागाला कळवतो.

एक कळकळीची विनंती, मांडूळ मारू नका. शेवटी वनरक्षकासोबत ती त्याला संध्याकाळी माळावर सोडू दे. ते आधी डोकं मातीत खुपसतं, मग हळूहळू सगळं अंग आत ओढून घेतं. सर्वांत शेवटी आत जाते ती जखमी शेपूट.