द्राक्षांचा कंटेनर, लंडनचं कलम आणि २४ डिसेंबर

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. गेल्या फेब्रुवारीत पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर नेदरलँड्सला एक रीफर (शीत) कंटेनर पाठवला. ५ किलोच्या २,६०० पेट्या, तापमान शून्य अंश. फॉरवर्डरच्या (माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीच्या) ट्रेलरने माल पॅकहाउसमधून न्हावा शेव्याला आणि तिथून जहाजाने गेला. ३८ दिवसांनी, २४ मार्चला, रॉटरडॅमच्या आयातदाराने ताबा घेतला. देठ सुकलेले, मणी गळलेले, बऱ्याच पेट्यांत बुरशी. माल कन्साइनमेंटवर, म्हणजे विकला जाईल तसे पैसे या बोलीवर होता, त्यामुळे त्याने हिशेबातून २१ लाख कापले. फॉरवर्डर म्हणतो, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेलं, त्याला आम्ही काय करणार? शिवाय शिपिंग लाइनच्या बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर) लंडनच्या कोर्टाचं कलम आहे, तिकडे जा. आता 'दिवाळीनंतर बघू' चाललंय. नाशिकला दावा होईल का? मुंबईत जहाज अडवता येतं असं ऐकलंय. मुदत तीन वर्षांची असते ना?

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तेच सगळ्यात महागात पडेल. मुदत तीन वर्षांची नाही. समुद्री मालवाहतुकीत ती एक वर्षाची असते, आणि तुमच्या बाबतीत तेवढीही नाही.

वाहतुकीचे तुम्ही दोन कागद पाठवलेत. एक शिपिंग लाइनचं मास्टर बिल, म्हणजे तेच बिल ऑफ लेडिंग. त्यावर माल पाठवणारा म्हणून नाव फॉरवर्डरचं आहे, तुमचं नाही. दुसरा फॉरवर्डरने तुम्हाला दिलेला कागद. तुम्ही त्याला 'बिल' म्हणता, पण वर ठळक अक्षरांत 'मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट डॉक्युमेंट' छापलंय, खाली नोंदणी क्रमांक आहे. पॅकहाउस ते बंदर रस्त्याने, पुढे समुद्राने, अशी दोन साधनांची वाहतूक एकाच कराराने अंगावर घेणाऱ्याला आपल्याकडे १९९३चा बहुविध वाहतूक कायदा लागू होतो. म्हणजे तुमचा फॉरवर्डर नुसता मधला माणूस नाही. कायद्याच्या नजरेत तुमचा माल नेणारा तोच. पुढे त्याने कुठली लाइन, कुठलं जहाज घेतलं, हा त्याचा व्यवहार.

म्हणून लंडनचं कलम त्याच्या गळ्यात आहे, तुमच्या नाही. मास्टर बिल तुमच्या नावावर असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. आफ्रिकेतून कोचीनला आलेल्या काजूच्या भरपाईसाठी केरळमधल्या एका कारखान्याने केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये, बिलावर इंग्लंडच्या कोर्टाचं कलम आहे तर तिकडेच जा, असं सांगितलं होतं. १९९३चा कायदा मात्र माल जिथे ताब्यात घेतला तिथल्या कोर्टातही दावा करू देतो. तुमचा माल दिंडोरीत ताब्यात घेतला. तेव्हा नाशिक.

आता घड्याळ. याच कायद्याच्या २४व्या कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून नऊ महिन्यांत दावा दाखल झाला नाही तर वाहतूकदार सुटला. २४ मार्च अधिक नऊ महिने म्हणजे २४ डिसेंबर. तुमचं पत्र नोव्हेंबरातलं. नाताळच्या सुट्ट्या तोंडावर आहेत. 'दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्याला हे कलम ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

इथे एक खाच आहे. तीन लाखांवरचे असे दावे व्यापारी न्यायालयात जातात, आणि तिथे दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत हे खरं. पण ती सवलत १९६३च्या मुदत कायद्यापुरती लिहिलेली आहे. तुमचे नऊ महिने दुसऱ्याच कायद्यातले. त्या भरवशावर राहू नका. अर्ज याच आठवड्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या. समोरचा आलाच नाही तर तसा अहवाल घेऊन मुदतीत दावा लावता येईल. त्याने मध्यस्थी रेंगाळत ठेवली, आणि कंटेनरच्या यंत्रातली तापमानाची नोंद नष्ट होण्याची खरीच भीती असली, तर ती जपण्याचा तातडीचा आदेश मागून थेट दावा दाखल करता येतो. तातडी नुसती कागदावरची असेल तर कोर्ट दावा फेटाळू शकतं, तेव्हा ती आधी पुराव्यानिशी जमवा. फॉरवर्डरकडून लेखी मुदतवाढ मागा, दिली तर फाइलला लावा, पण तिच्यावर विसंबून दावा लांबवू नका.

मूळ भांडणाकडे येते. तुमच्या मूळ, लांबलचक पत्रात 'उशीर' हा शब्द सात वेळा आलाय. तो सोडा. आफ्रिकेच्या वळशाबद्दल तुम्हाला दमडी मिळणार नाही. जहाज वाचवण्यासाठी वाजवी कारणाने मार्ग बदलणं कायद्याला मान्य आहे. शिवाय १९९३च्या कायद्यात उशिराची भरपाई मागायची तर माल वेळेत पोचण्यातलं आपलं हित आधी लेखी जाहीर केलेलं आणि वाहतूकदाराने ते स्वीकारलेलं असावं लागतं. तुमच्या कागदांत तसं काही नाही.

तुमची केस आहे ती तुम्ही जोडलेल्या डेटा लॉगरच्या (कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राच्या) त्या एका पानात. २३व्या दिवशी, कंटेनर एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवताना, तापमान वर गेलं आणि ३१ तास ७ अंशांच्या खाली आलं नाही. याचा आफ्रिकेशी संबंध नाही. हा प्लग काढून परत लावायला विसरल्याचा प्रकार दिसतो. माल त्याच्या ताब्यात असताना नुकसान झालं, तर आपली चूक नव्हती हे त्यानेच सिद्ध करायचं असतं. तो म्हणेल, द्राक्षं मुळातच गरम भरली. त्यासाठी प्री-कूलिंगचं (भरण्याआधी माल थंड केल्याचं) रजिस्टर, भरताना मण्यांच्या आतलं तापमान घेतल्याची नोंद, ग्रेप गार्डची (पेटीत बुरशी रोखायला घालतात त्या कागदांची) बिलं आजच एका फाइलला लावा. रॉटरडॅमला मालाची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरकडून खुलासा घ्या की किती नुकसान ३८ दिवसांचं आणि किती त्या ३१ तासांचं. २१ लाखांतले सगळे मिळतील असं मी म्हणत नाही. नुकसानीची सूचना आयातदाराने चौथ्या दिवशी ई-मेलने दिली होती. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीला हा कायदा सहा दिवस देतो, तेव्हा तिथे तुम्ही ठीक आहात.

भरपाईच्या मर्यादेची धास्ती नको. किलोला २ एसडीआर, म्हणजे नाणेनिधीचं हिशेबाचं चलन, किंवा पेटीमागे ६६६.६७ एसडीआर, यांतलं जास्त असेल ते. नुसत्या वजनावर धरलं तरी १३ टनांना २६,००० एसडीआर होतात, रुपयांत तीस लाखांच्या आसपास. तुमच्या कागदावर पेट्या मोजून लिहिल्यात, त्यामुळे मर्यादा आडवी येतच नाही.

आयातदाराकडून मात्र एक पत्र लगेच घ्या. कागदावर माल घेणारा म्हणून त्याचं नाव असल्याने दाव्याचा हक्कही त्याच्याकडे गेलाय असा बचाव येईल. 'नुकसान पाठवणाऱ्याने सोसलं, माझे हक्क त्याला दिले' एवढं त्याने सहीनिशी लिहून द्यावं. आणि विमा उतरवला असेल तर विमा कंपनीला विचारल्याशिवाय फॉरवर्डरच्या कुठल्याही 'फुल अँड फायनल'वर सही करू नका. विमा कंपनी पुढे ज्याच्याकडून पैसे वसूल करणार, त्यालाच तुम्ही मोकळं केलेलं असेल.

जहाजाचं तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. गोव्याच्या एका कंपनीचा माल १९८४ मध्ये मार्मागोव्याहून अँटवर्पला नेणाऱ्या 'एलिझाबेथ' या परदेशी जहाजाला नंतर विशाखापट्टणमला अटक झाली, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांचा तो अधिकार मान्य केला. आता त्यासाठी २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. पण सहसा अटक होते ती देणेकऱ्याच्या मालकीच्या जहाजाला. तुमचा देणेकरी फॉरवर्डर, त्याच्याकडे होडीसुद्धा नाही. लाइनच्या मागे लागायचं तर ज्या जहाजावर कंटेनर तापला ते तिच्या मालकीचं होतं की भाड्याचं, इथपासून सुरुवात, आणि अटक चुकीची ठरली तर भरपाई देण्याची हमी कोर्ट तुमच्याकडूनच घेऊ शकतं. २१ लाखांसाठी हा जुगार मी खेळणार नाही.

वकील नाशिकचाच करा, मुंबईची गरज नाही. पहिल्या भेटीत लॉगरचं पान, फॉरवर्डरचा तो कागद आणि २४ डिसेंबरवर गोल केलेलं कॅलेंडर त्यांच्यासमोर ठेवा.