पद्मिनी वळणावर झुकते, सरळ रस्त्यावर भटकते: सस्पेन्शनचं काम कुठून सुरू करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे, वळणावर फार कलते आणि ताशी सत्तरच्या पुढे सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. एक गॅरेजवाला पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवू म्हणतो, दुसरा मागे एकेक पाटा (लीफ स्प्रिंगची पट्टी) वाढवून रुंद टायर टाकू म्हणतो. आधी काय करावं?

यातलं काहीच आधी करू नका. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. पुढे विशबोन (चाक धरणारे दुफाटी हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. मऊ गाडी आहे, झुकणार थोडी, पण नवी असताना ती भटकत नव्हती. आज भटकते ती किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन), बुश (सांध्यांतल्या नळ्या), स्टिअरिंग बॉक्स आणि टायर यांच्या झिजेमुळे. ढिल्या सांध्यांवर कडक स्प्रिंग बसवली की तो ढिलेपणा आणखी जोरात जाणवतो, बाकी फरक पडत नाही.

पहिलं काम मोजणीचं. पुढचं चाक उचला, पण जॅक बॉडीखाली न लावता खालच्या विशबोनखाली, चाकाच्या जितका जवळ जाईल तितका लावा. बॉडीखाली लावला तर स्प्रिंगच्या जोराने सांधे ताणलेले राहतात आणि खेळ, म्हणजे ढिलेपणा, लपतो. आता चाक वर-खाली दोन टोकांना, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग ढिलं आहे. तसाच राहिला तर किंगपिन-बुश गेले आहेत किंवा विशबोनचे सांधे. कुठला, ते तिथे बोट लावून कळतं. मग चाक ९ आणि ३ वर धरून हलवा आणि खाली वाकून एकेक टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचा सांधा), आयडलर (स्टिअरिंग बॉक्सच्या समोरच्या बाजूचा जोडीचा हात) आणि स्टिअरिंग बॉक्सचा हात बघत जा. आयडलर बहुतेक मिस्त्री विसरतात, आणि नवे टायरॉड टाकूनही अलाइनमेंट टिकत नाही त्याचं कारण बऱ्याचदा तिथेच असतं.

किंगपिन बदलताना बिघडतं ते रीमिंगमध्ये, म्हणजे बुशचं भोक पिनेच्या मापाला घासताना. वरचा आणि खालचा बुश दाबून बसवल्यावर दोन्हींमधून एकाच वेळी जाणारा लांब रीमर चालवावा लागतो. लेथवाल्याने दोन बुश वेगवेगळे रीम केले तर भोकं एका रेषेत येत नाहीत, पिन जाम होते, मग ती फिरावी म्हणून आणखी घासतात आणि नवा सेट पहिल्या दिवसापासून ढिला. पिन हाताने दाबून गेली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली घसरता कामा नये. बुशचं भोक ग्रीस निपलसमोर आलंय ना ते बसवण्याआधी बघा. ग्रीसिंग नेहमी चाकं उचलून करा. गाडी जमिनीवर असताना भार असलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही.

स्टिअरिंग बॉक्स शेवटी बघा, सुरुवातीला नाही. आतला वर्म (आट्यांचा दांडा) सर्वांत जास्त मधोमध झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. म्हणून अ‍ॅडजस्टिंग स्क्रू चाकं सरळ ठेवूनच आवळायचा, आणि नंतर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे जड होतंय का ते पाहायचं. टोकाला अडकत असेल तर स्क्रू सैल करा आणि मधला थोडा खेळ पत्करा. स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेला पाऊण इंचापर्यंत खेळ असल्या बॉक्सला चालतो. जास्त आवळलेला बॉक्स वळणानंतर आपोआप सरळ होत नाही, आणि तेच लक्षण लोक कॅस्टरच्या (किंगपिनच्या पुढे-मागे कलण्याच्या) नावावर खपवतात. आत ९० नंबरचं गिअर ऑइल घाला. गळतं म्हणून ग्रीस भरतात, पण ग्रीस एकदा बाजूला सरकलं की परत दातांवर येत नाही.

रबर बुश. विशबोनचे, पाट्यांच्या डोळ्यांतले (टोकांच्या भोकांतले), शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला अडकवणाऱ्या हलत्या कडीचे), आणि अँटी-रोल बारचे (झुकणं आवरणाऱ्या, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याचे) सगळे एकदम बदला. नियम एकच आहे आणि गॅरेजमध्ये तोच सर्वाधिक मोडला जातो: बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून, आत दोन माणसांचं वजन ठेवून. हवेत लटकलेल्या विशबोनवर आवळलात तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं, उंची चुकते आणि थोड्याच महिन्यांत ते फाटतं. रबराऐवजी पॉलियुरेथेनच्या कडक बुशचं वेड सध्या फार आहे. घालायचेच असतील तर शॅकलमध्ये आणि अँटी-रोल बारला घाला, कडकपणा शोअर ए मापात ७० ते ८०च्या दरम्यान. ९५चे बुश रस्त्यावरच्या गाडीला नकोत, खड्ड्याचा धक्का थेट बॉडीत जातो. आणि पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे पाटे जिथे अडकतात ते पत्रे आणि पुढच्या क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) जागा गंजल्यात का ते स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मुंबईत किंवा कोकणात राहिलेली गाडी असेल तर हे सगळ्यात आधी. पत्रा आत जात असेल तर पहिला खर्च वेल्डिंगचा.

टायर. जुन्या मापाचे ५.२०-१४ नायलॉन टायर असतील तर एका बदलाने सर्वांत मोठा फरक इथे पडेल. रेडियलची बाजू लवचिक असते, पट्टा ताठ असतो, त्यामुळे वळणावर तळ जमिनीला चिकटून राहतो आणि रस्त्याच्या चरीमागे गाडी धावत नाही. १५५/८० आर १४चा व्यास हिशोबाने सुमारे ६०४ मिमी येतो, १६५/८० आर १४चा ६२०. दुसरं माप बाजारात सहज मिळतं, पण व्यास वाढल्यामुळे स्पीडोमीटर पहिल्या मापाच्या मानाने अडीच टक्के कमी दाखवेल आणि घाटात गिअर किंचित लांब वाटतील. घेण्याआधी रिमची रुंदी मोजा आणि टायरच्या तक्त्यात ती बसते का पाहा, मग स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून आणि मागे तीन माणसं बसवून कुठे घासतंय का तेही. १७५, १८५च्या फंदात पडू नका. अरुंद रिमवर त्यांची बाजू फुगते, वळणावर तीच डोलते, आणि पॉवर नसलेलं स्टिअरिंग पार्किंगला जीव काढतं. जुन्या रिमला आतून टायर धरून ठेवणारा उंचवटा नसेल तर ट्यूब घालाच. नायलॉन आणि रेडियल एका अ‍ॅक्सलवर कधीही मिसळायचे नाहीत, आणि दोनच रेडियल असतील तर ते मागे. हवा २८ पीएसआयने सुरू करा, टायरवर आडवी खडूची जाड रेघ ओढून थोडं सरळ चालवा. रेघ मध्येच पुसली तर हवा जास्त, कडांना पुसली तर कमी.

अलाइनमेंट ही सांधे आणि टायर झाल्यावरची गोष्ट आहे. क्रम कॅस्टर, मग कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), मग टो (दोन चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर ते), कारण पहिले दोन बदलले की टो आपोआप हलतो. कॉम्प्युटरवाल्याच्या यादीत पद्मिनी नसेल तर तो जवळपासच्या कुठल्या तरी गाडीचे आकडे घेतो. आपले आकडे कागदावर लिहून न्या. कंपनीचं मॅन्युअल नायलॉन टायरसाठी आहे. रेडियलला मी टो-इन एकूण १ ते २ मिमी, कॅम्बर शून्य ते अर्धा अंश आत, आणि कॅस्टर दोन्ही बाजूंना अर्ध्या अंशाच्या आत सारखा ठेवायला सांगेन. घरी ताडून पाहायचं तर ओळंबा पुरतो. सपाट जमिनीवर चाकासमोर सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासूनचं अंतर मोजा. १४ इंची रिमवर ६ ते ७ मिमीचा फरक म्हणजे साधारण १ अंश. मोजण्याआधी गाडी दाबून सोडा आणि चार-पाच मीटर पुढे ढकला, नाहीतर जॅकवरून उतरलेली चाकं अडखळलेलीच राहतात.

आता शॉकअप. कोपरा दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. दोन-तीनदा डोलली तर ते गेले. जोडीनेच बदला आणि बसवण्याआधी उभे धरून सात-आठ वेळा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे आतली हवा निघते. दुसऱ्या गाडीचे शॉकअप चालवायचे तर फक्त टोकाच्या भोकाचं माप बघून घेऊ नका. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना दोन माउंटिंगमधलं अंतर मोजा, आणि दोन्ही टोकांना किमान १५ मिमी शिल्लक राहील असा घ्या. बंप स्टॉपच्या (चाक पूर्ण वर गेल्यावर टेकतं त्या रबराच्या) आधी शॉकअप टेकला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात माउंटिंग तुटेल. जुन्या गाडीत बंप स्टॉपचं रबर बहुतेकदा गळून पडलेलं असतं, तेही घ्या.

मागच्या पाट्यांबद्दल. एक पाटा वाढवणं म्हणजे फक्त मागची बाजू कडक करणं. चाकांवरचा भार वळणात मागच्या बाहेरच्या चाकावर जास्त जातो, ते आधी घसरतं, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना असलेली गाडी ओल्या ताम्हिणी घाटात शेपटी बाहेर फेकते. त्याऐवजी पाटे सोडवा, गंज काढा, तुटलेला पाटा बदला, बसलेली कमान पाटेवाल्याकडून मूळ मापाला आणा, आणि दोन पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या घाला. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, म्हणून गाडी छोट्या खड्ड्यात आदळते आणि मालकाला वाटतं शॉकअप कडक आहेत. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट नवा, यू-बोल्ट नवे. सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या बैठकीत नीट बसलं पाहिजे. तो तुटला तर अ‍ॅक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर मोजा: २३४० मिमी हवं, आणि दोन बाजूंत ५ मिमीहून जास्त फरक नको.

इतकं झाल्यावर झुकणं खरोखर राहिलं असेल तर पुढचा अँटी-रोल बार जाड करा. बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: १६ मिमीचा १८ केला तर कडकपणा ६० टक्के वाढतो, २० केला तर जवळजवळ अडीचपट. म्हणून दोन मिमीच्या वर एकदम जाऊ नका. मागे हात लावू नका, कारण तेच शेपूट बाहेर येण्याचं.

आणि स्प्रिंग कापणं. आठ वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. पण बंप स्टॉपपर्यंतचा प्रवास त्याहून खूप जास्त कमी होतो, आणि गॅसने कापली तर त्या टोकाचं पाणी (टेम्पर) उतरतं, तिथूनच ती तुटते. शिवाय पुढून फार खाली आणल्यावर खालचे विशबोन बाहेरच्या टोकाला वर चढतात. मग गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू तिच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो, दोघांमधलं अंतर वाढतं आणि खाली बसवलेली गाडी उलट जास्त कलते. उंची कमी करायचीच हौस असेल तर योग्य मापाच्या नव्या स्प्रिंगा करून घ्या, २० मिमीच्या पुढे नको, आणि स्पीडब्रेकरचा हिशोब आधी करा. स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर लावल्याशिवाय खालचा विशबोन सोडू नका. ती आतून सुटली तर हात-तोंड फोडते.

चारी ड्रम ब्रेक आहेत हे लक्षात ठेवा. चांगल्या टायरवर गाडी वळणात जास्त वेगाने जायला लागेल, थांबणं मात्र तेवढंच राहील. लायनर आणि ड्रमची गोलाई आत्ताच बघून घ्या.

काढलेले मूळ भाग फेकू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात लागते, म्हणजे तुमची २०३६च्या आसपास त्यात येईल. यू-बोल्ट १०० आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. नवे बुश तोवर बसलेले असतात, त्यामुळे त्याच खेपेला टोही पुन्हा तपासून घ्या.