पेनड्राइव्हमधली मॅन्युअल्स

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

दोन एटीआर 72 (पंख्याच्या इंजिनांची, 72 सीटची) विमानं घेऊन तुमची कंपनी इंदूरहून नवी एअरलाइन सुरू करतेय, तिच्या परवान्याबद्दलच्या तुझ्या लांबलचक मेलमधून तीन प्रश्न निघतात. अर्ज आधी मंत्रालयात करायचा की डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या नियामकाकडे? कन्सल्टंट घ्यावा का? आणि दुसऱ्या एअरलाइनची मॅन्युअल्स, म्हणजे कामाच्या पद्धतीची पुस्तकं, 'थोडी बदलून' वापरली तर चालतं का? पहिल्याचं उत्तर छोटं आहे, दुसऱ्याचं त्याहून छोटं. तिसऱ्याने मात्र माझं डोकं फिरवलं. तुझ्या साहेबांनी तयार मॅन्युअल्सचा पेनड्राइव्ह तुझ्या हातात ठेवलाय आणि तू तो उघडून बसली आहेस, हे तुझ्या भाषेवरूनच कळतंय. एका रात्रीत कुणी 'ऑपरेटर शॅल एन्शुअर' असं बोलायला लागत नाही.

पहिलं उरकून टाकू. आधी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र. तिथे कंपनी कोणाची, पैसा कुठून येणार, संचालक कोण, हे पाहिलं जातं आणि संचालकांची सुरक्षा तपासणी गृह मंत्रालयाकडून होते. अध्यक्ष आणि किमान दोन तृतीयांश संचालक भारतीय नागरिक हवेत. भांडवलाचा हिशोब विमानाच्या वजनावर चालतो. 40,000 किलोपेक्षा जड विमानं असतील तर पहिल्या पाच विमानांपर्यंत 50 कोटी, त्याखालच्यांसाठी 20 कोटी. एटीआर 72 चं कमाल वजन 23 टनांच्या आसपास, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटात. एनओसी आली की डीजीसीएचं काम सुरू, अर्ज ईजीसीए पोर्टलवर. एनओसी म्हणजे उडायची परवानगी नव्हे, तयारीला लागायची परवानगी. तुमच्या ऑफिसात तिचा पेढा वाटून झाला असेल तर आता कामाला लागा.

डीजीसीएकडे पाच टप्पे असतात: पूर्वचर्चा, औपचारिक अर्ज, कागदपत्रांची छाननी, तपासणी आणि प्रात्यक्षिक, शेवटी सर्टिफिकेट, म्हणजेच एओसी. ही पद्धत आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेची, जगभर थोड्याफार फरकाने हीच. एक टप्पा पुरा झाल्याशिवाय पुढचा उघडत नाही आणि प्रत्येकाची तारीख तुम्हीच दिलेल्या वेळापत्रकात असते. ते वेळापत्रक साहेबांना दिवाळीत उद्घाटन करायचंय म्हणून दिवाळीपासून उलटं मोजत बनवू नकोस. ट्रेनिंग मॅन्युअल मान्य झाल्याशिवाय वैमानिकांचं आणि केबिन क्रूचं प्रशिक्षण ग्राह्य धरत नाहीत. प्रशिक्षित क्रू नसेल तर प्रूव्हिंग फ्लाइट (डीजीसीएसमोरचं परीक्षेचं उड्डाण) नाही. प्रूव्हिंग फ्लाइट नाही तर सर्टिफिकेट नाही. आणि विमान एकदा धावपट्टीवर उतरलं की भाडं सुरू, ते दिवाळीची वाट पाहत नाही. अकासा एअरलाइनचं उदाहरण बघ: ऑक्टोबर 2021 मध्ये एनओसी, पहिलं विमान 21 जून 2022 ला भारतात, एओसी 7 जुलैला, पहिलं उड्डाण 7 ऑगस्टला. विमान आल्यावर सोळा दिवसांत सर्टिफिकेट मिळालं, कारण कागदांचं काम विमानाच्या आधी झालं होतं. लोक फक्त ते सोळा दिवस लक्षात ठेवतात.

आता पेनड्राइव्ह.

माझा एकच हट्ट आहे आणि तो तुला या पत्रात चार वेळा ऐकावा लागेल: मॅन्युअलमध्ये तेच लिहायचं जे तुमची माणसं, तुमच्या विमानावर, तुमच्या विमानतळावर खरोखर करणार आहेत. बाकी एक ओळ नको. कितीही सुंदर असो, नको.

त्या फायलींमध्ये केबिन क्रूच्या प्रकरणात 'डोअर आर्म करून स्लाईड तपासा' असं वाक्य सापडेल, कारण मूळ मॅन्युअल जेट विमानांचं असणार. एटीआर 72 ला स्लाईड, म्हणजे आपत्कालीन घसरगुंड्या, नसतातच. दाराचा उंबरा जमिनीपासून इतका खाली असतो की त्यांची गरज पडत नाही. इन्स्पेक्टर ते वाक्य वाचेल, पान मिटेल आणि त्यानंतर तुमच्या प्रत्येक पानाकडे संशयानेच बघेल. उलट जे हवं ते तिथे नसेल. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामानाचा एक कप्पा पुढे, कॉकपिटच्या मागे असतो. पुढे काही भरलेलं नसताना मागे गर्दी झाली तर शेपूट खाली टेकू शकते, म्हणून चढ-उतार चालू असताना शेपटीखाली टेकू लावतात. हा टेकू कोण लावणार, कोण काढणार, निघण्याआधी काढल्याची खात्री कोण करणार? हे तुमच्या ग्राउंड हँडलिंग मॅन्युअलमध्ये माणसाच्या हुद्द्यासकट हवं. एअरबस चालवणाऱ्याच्या मॅन्युअलमध्ये ते कुठून येणार?

ऑपरेशन्स मॅन्युअलचे चार भाग: अ मध्ये सर्वसाधारण धोरण, ब मध्ये विमानाचा प्रकार, क मध्ये मार्ग आणि विमानतळ, ड मध्ये प्रशिक्षण. फसवणूक सगळ्यात लवकर क मध्ये उघडी पडते. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळीस ओलांडतो तेव्हा हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी, टेकऑफचं वजन उतरवावं लागतं. दुपारच्या फ्लाइटला किती सीट रिकाम्या ठेवायच्या, हे आकड्यात काढलं आहे का? पर्यायी विमानतळ म्हणून भोपाळ लिहिणं सोपं आहे, जवळ आहे, इंधन कमी लागतं. पण जुलैत माळव्यावर ढग एकदम दाटतात तेव्हा इंदूर आणि भोपाळ दोन्ही एकाच वेळी बंद असू शकतात. अशा दिवशी नागपूर किंवा अहमदाबाद धरायचं असेल तर तेवढं इंधन, वर पाच टक्के आकस्मिक आणि तीस मिनिटांचा अंतिम राखीव साठा. हे सगळं जोडल्यावर प्रवासी किती उरतात ते बघ. मार्केटिंगवाल्यांना आजच सांग, नंतर रडारड नको.

ग्वाल्हेरला तर आणखी मजा. विमानतळ हवाई दलाचा, आपलं टर्मिनल त्यांच्या धावपट्टीच्या आधाराने. त्यांच्या वेळा, त्यांचे सराव, त्यांचं वेळापत्रक. जानेवारीत वर धुकं. तुमच्या नकाशावर इंदूर-ग्वाल्हेर ही पहाटेची फ्लाइट आहे म्हणतेस. आधी हवाई दलाच्या वेळा लेखी घे, मग पान लिही.

एमईएलबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नवीन कंपन्या जितक्या इथे घसरतात तितक्या कुठेच नाही. कुठली वस्तू बंद असताना विमान उडवता येतं त्याची ही यादी. उत्पादकाच्या मूळ यादीपेक्षा तुमची यादी कडक असू शकते, सैल कधीच नाही. दुरुस्तीला मुदत असते: बी गटाला 3 दिवस, सी ला 10, डी ला 120. जिथे (ओ) आणि (एम) खुणा असतात तिथे वैमानिकाने काय करायचं आणि इंजिनिअरने काय करायचं, याची कृती कंपनीने स्वतः लिहायची. कॉपी करणारे मूळ यादी जशीच्या तशी उतरवतात आणि त्या खुणांखाली 'मेंटेनन्स मॅन्युअलप्रमाणे' असं लिहून मोकळे होतात. मग एक एसी पॅक (केबिनला हवा पुरवणारं यंत्र) बंद पडतो ग्वाल्हेरला. इंजिनिअर इंदूरला. (एम) कृती करायला माणूसच नाही. कॅप्टन पुस्तक उघडतो, पुस्तक म्हणतं 'करा', आणि करणारा कित्येक जिल्हे पलीकडे. वर एका पॅकवर कमी उंचीवर उडायचं तर इंधन जास्त लागतं, ते भरलंय का, हाही प्रश्न. तुमच्या बाहेरच्या स्टेशनवर इंजिनिअर नसेल तर ती वस्तू तुमच्या यादीत तिथे 'नो डिस्पॅच' लिही, म्हणजे ती बंद असताना विमान सोडायचं नाही. थोडा कमीपणा वाटेल. चालेल. जे करणार नाही ते लिहायचं नाही.

माणसांचंही तसंच. अकाउंटेबल मॅनेजर म्हणजे पैसा खर्च करायचा अधिकार असलेला माणूस. मालकाचा मेहुणा नव्हे, ज्याला टायर घ्यायलाही फोन करावा लागतो. ऑपरेशन्स, ट्रेनिंग, फ्लाइट सेफ्टी, कंटिन्यूइंग एअरवर्दीनेस (विमान उड्डाणयोग्य ठेवणं), क्वालिटी या प्रत्येक पोस्ट होल्डरची, म्हणजे विभागाच्या जबाबदार प्रमुखाची, मुलाखत डीजीसीए घेतं आणि विचारतं तुमच्याच मॅन्युअलमधलं. क्वालिटीचा माणूस मेंटेनन्सच्या हाताखाली नको आणि सेफ्टीवाल्याला थेट अकाउंटेबल मॅनेजरपर्यंत जाता यायला हवं. काही ठिकाणी सर्टिफिकेटपुरती नावं भाड्याने आणतात. निवृत्त कॅप्टन येतात, फोटो देतात, दोन महिन्यांत जातात. नवा माणूस आला की पुन्हा मंजुरी, पुन्हा मुलाखत. वेळापत्रक गेलं.

आणि रोस्टर, म्हणजे कुणाची ड्यूटी कधी! ड्यूटीच्या मर्यादा मॅन्युअलमध्ये शब्दशः उतरवणं म्हणजे त्या पाळणं नव्हे. 2025 मध्ये वैमानिकांचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले, साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आली. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली ती तुला आठवत असतील. देशातली सगळ्यात मोठी एअरलाइन, कागदाची तिथे काय कमतरता? कमतरता होती नव्या नियमात बसणाऱ्या वैमानिकांची. तुमच्याकडे दोन एटीआर आणि बारा वैमानिक आहेत. त्यातला एक सुट्टीवर, एक सिम्युलेटरला, एक तापाने आडवा असं गृहीत धरून महिन्याचं रोस्टर कागदावर मांड. न जमल्यास फ्लाइट कमी कर. मॅन्युअलला हात लावू नकोस.

प्रात्यक्षिकाच्या टप्प्यात हे सगळं एका दिवसात उघडं पडतं. 72 सीटना दोन केबिन क्रू लागतात, दर 50 सीटमागे किंवा त्याच्या अंशामागे एक. त्यांच्याकडून दार उघडून दाखवायला सांगतील, आणि सेफ्टी कार्डवरचं चित्र तुमच्याच विमानाच्या दाराचं आहे का, ते तिथे कळेल. प्रूव्हिंग फ्लाइटमध्ये इन्स्पेक्टर मागे बसून चिठ्ठी देतो: 'इंदूर बंद, ग्वाल्हेरला धुकं, एक प्रवासी बेशुद्ध.' मग बघतो की कंट्रोल रूममध्ये फोन कोण उचलतं. आपत्कालीन यादीतला हॉस्पिटलचा नंबर लागतो का. लोडशीटवर (उड्डाणाच्या वजनाच्या कागदावर) रिकाम्या विमानाचं वजन शेवटच्या तोलणीचं आहे की उत्पादकाच्या माहितीपत्रकातलं. तुम्ही धोकादायक माल नेणार नाही असं ठरवलंत तरी काउंटरवरच्या मुलीला बॅगेतली पॉवर बँक ओळखता यायला हवी, ते प्रशिक्षण चुकत नाही. यातलं एकही उत्तर पेनड्राइव्हमध्ये नाही.

कन्सल्टंट? घ्या. रचना शिकवायला, फॉर्म दाखवायला, डीजीसीएच्या पत्राचा अर्थ लावायला. लिहायला नको. त्याचे पैसे सर्टिफिकेटच्या दिवशी संपतात आणि तुमचं मॅन्युअल त्याच दिवसापासून जगायला लागतं.

तू म्हणशील, काका नेहमीप्रमाणे अडवत बसलेत. म्हण. मला अडवणारा म्हणणाऱ्यांची राजवाड्यापासून बिजासनपर्यंत रांग लागेल, त्यात माझे चांगले मित्रही आहेत. तारखा पुढे गेल्या की खापर माझ्यावर, आणि ऑडिट स्वच्छ गेलं की कुणाला फोन करायची आठवण नाही. मला त्याची खंत आहे, खोटं कशाला बोलू. आणखी थोडं गोड बोललो असतो तर आणखी चार जणांनी ऐकलं असतं, हेही खरं असेल. पण मुद्द्यावर तसूभर हलणार नाही. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, आपल्या देशाला सुरक्षा-देखरेखीच्या दुसऱ्या, खालच्या श्रेणीत ढकललं, तिथून बाहेर यायला एप्रिल 2015 उजाडला. तेव्हाचे आक्षेप विमानांवर नव्हते, देखरेखीवर होते. इन्स्पेक्टर तुझ्या कोमावर अडतो तेव्हा चिडू नकोस. त्याच्यावरही कुणीतरी बसलेलं असतं.

आणि तुझ्या साहेबांना सर्टिफिकेटचं एवढं वेड असेल तर त्यांना जेट एअरवेजचं नाव घेऊन सांग. एप्रिल 2019 मध्ये बंद पडलेल्या कंपनीला मे 2022 मध्ये एओसी पुन्हा मिळालं, व्यावसायिक उड्डाण एकही झालं नाही, नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचा, आदेश दिला. आपल्या इंदूरचंच बघायचं तर फ्लायबिग या एअरलाइनने जानेवारी 2021 मध्ये पहिलं उड्डाण इथूनच अहमदाबादला केलं आणि पुढे त्यांचा भर ईशान्येकडे गेला. मार्ग टिकवणं हा वेगळा अभ्यास, त्यावर मला विचारू नकोस. मी कागद आणि विमान यांच्यामधल्या फटीचा माणूस.

आता काम. त्या पेनड्राइव्हमधून फक्त अनुक्रमणिका घे, बाकी बंद कर. 1934 चा एअरक्राफ्ट ॲक्ट जिथे जिथे लिहिला असेल तिथे खूण कर. 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू आहे, 1937 चे नियम मात्र चालू आहेत, आणि हा फरक न कळलेलं मॅन्युअल किती जुनं आहे ते तुला लगेच दिसेल. मग कॉम्प्लायन्स स्टेटमेंटची कोरी शीट उघड. पहिल्या रकान्यात नियम, दुसऱ्यात तुमच्या मॅन्युअलचा परिच्छेद, तिसऱ्यात ते काम करणाऱ्याचा हुद्दा, चौथ्यात ते त्याने कधी करून दाखवलं. डीजीसीएला पहिले दोन पुरतात. मला चारही हवेत. एटीआरच्या मागच्या दारापासून सुरुवात कर आणि पहिल्या तीस ओळी रविवारपर्यंत पाठव. तिसऱ्या रकान्यात 'संबंधित विभाग' असं दिसलं तर शीट परत येईल.

तुझा,
काका
राजेंद्रनगर, इंदूर