नदीत मासा 'दिसत नाही' म्हणजे नेमकं काय? वेदगंगेच्या महसीरबद्दल

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गारगोटीच्या वरच्या अंगाला वेदगंगेच्या डोहांत आजोबांच्या काळी महसीर, म्हणजे जुनी माणसं ज्याला खडस म्हणतात तो, हमखास मिळायचा. गेल्या पाच वर्षांत तुम्हाला एकही दिसला नाही. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या (आययूसीएन) लाल यादीत मात्र त्याच्यापुढे 'कमी चिंतेचा' असं लिहिलंय. यादी चुकली का, आणि शेरा बदलून घ्यायला अर्ज कुठे करायचा, असं तुम्ही विचारलंत. कोल्हापूरच्या नद्यांवर मी पंचवीसेक वर्षं फिरतोय, त्यातली बरीचशी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता. अर्जाचं नंतर बोलू. आधी तुमचं 'एकही दिसला नाही' हे वाक्य धरूया, कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे.

२००८ च्या उन्हाळ्यात भोगावतीच्या एका टप्प्यातून कोळशी हा मासा संपला, असं मी वहीत लिहिलं होतं. एका बैठकीत तसं ठामपणे बोललोही. सहा फेऱ्या झाल्या होत्या, सगळ्या सकाळी दहा ते एकच्या मधल्या, एकाच आसाच्या (जाळ्याच्या भोकाच्या मापाच्या) फेकजाळ्यानं. पुढच्या महिन्यात तिथले एक म्हातारे भोई मामा म्हणाले, "मास्तर, दिवसा काय घावणार हितं? अंधार पडू द्या, मग त्या खडकाखालच्या डव्हात बघा." त्या रात्री सात कोळशी मिळाल्या. बैठकीतल्या लोकांना मी पत्र लिहून चूक कळवली, पण ऐकलेलं परत घेता येत नाही. त्या वर्षी त्या टप्प्याबद्दल काही करायचं ठरत होतं, ते 'आता तिथे राहिलंयच काय' म्हणून मागे पडलं.

तेव्हापासून मी न सापडल्याची नोंद सापडल्याच्या नोंदीइतक्याच बारकाईनं करतो. किती वेळा जाळं टाकलं, आस किती, पाण्याची खोली, तळाशी खडक की गाळ, पाणी गढूळ की निवळ, किती वाजता, किती तास. ज्याच्यामागे एवढे कष्ट नोंदलेले नाहीत त्या 'नाही'ला वजन नसतं. हिशोब करून बघा. मासा तिथे असताना एका फेरीत तो दिसण्याची शक्यता दहात तीन धरली, तर पाच फेऱ्या रिकाम्या जाण्याची शक्यता १७ टक्के उरते. नऊ फेऱ्या केल्यावर ती ४ टक्क्यांवर येते. म्हणून विचारतो, तुमच्या पाच वर्षांत फेऱ्या किती झाल्या? चैत्र-वैशाखात किती, रात्री किती, कुठल्या डोहांवर? हे लिहून काढलंत तर तुमच्या तक्रारीचा पुरावा होईल.

मासा ओळखण्याचंही बघा. महसीरचं पिल्लू आणि कोळशी यांत भले भले फसतात. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बाजूनं जी रेषा जाते तिच्यावरचे खवले मोजा. महसीरला पंचवीसच्या आसपास भरतात, कोळशीला चाळीसच्या. हात ओला करून मासा आडवा धरा, शेजारी पट्टी ठेवा, एक फोटो काढा आणि लगेच सोडा.

आता यादीकडे येऊ. यादी चुकलेली नाही, तुम्ही तिला वेगळा प्रश्न विचारताय. लाल यादी एखादी जात जगाच्या पाठीवरून नाहीशी होण्याचा धोका किती, एवढंच सांगते. हा महसीर पूर्वी तिच्यात 'संकटग्रस्त' होता. अलीकडच्या फेरमूल्यांकनात तो 'कमी चिंतेचा' झाला, कारण द्वीपकल्पात त्याचा पसारा मोठा आहे. त्यातून वेदगंगेबद्दल काहीच कळत नाही. सगळ्या पसाऱ्यात तगलेली जात एका नदीतून पुरती संपलेली असू शकते. त्यासाठी प्रादेशिक मूल्यांकन असतं, त्याचे नियमही त्याच संघटनेनं दिलेत, आणि जिल्ह्याला खरी गरज त्याचीच आहे.

मूल्यांकन डोळ्यांच्या अंदाजानं होत नाही. घट मोजतात ती दहा वर्षांतली किंवा तीन पिढ्यांतली, जो काळ मोठा असेल तो. ३० टक्के घट असेल तर 'असुरक्षित', ५० ला 'संकटग्रस्त', ८० ला 'अतिसंकटग्रस्त'. आपल्याकडच्या बहुतेक माशांची अशी मोजणी कुणी केलेलीच नाही, म्हणून दुसरी वाट घेतात ती पसाऱ्याची. नकाशावर दोन किलोमीटर बाजूचे चौकोन आखतात आणि मासा ज्यांत आहे तेवढेच मोजतात. बारा चौकोन भरले तर ४८ चौरस किलोमीटर. 'संकटग्रस्त'ची मर्यादा ५०० ची आहे. नदीतला मासा रेघेसारख्या जागेत राहतो, त्यामुळे तो सहज या मर्यादेखाली येतो. पण तेवढ्यानं भागत नाही. ठिकाणं पाच किंवा कमी आहेत आणि घट चालू आहे, असंही दाखवावं लागतं.

या 'ठिकाण' शब्दावर मात्र थांबायला हवं, कारण पंचगंगेचं सगळं दुखणं त्यात आहे. इथे ठिकाण म्हणजे गाव नाही, डोहही नाही. एका संकटानं एकाच वेळी जेवढ्या भागातले प्राणी जातील तेवढा भाग म्हणजे एक ठिकाण. राजाराम बंधाऱ्यापासून शिरोळपर्यंत समजा एक मासा आठ जागी सापडला. वहीत आठ नोंदी होतील. पण वरून एकदा मळीचं पाणी सुटलं, त्यात शहराचं सांडपाणी मिसळलं, आणि ते बंधाऱ्यांमागून बंधारे ओलांडत चार दिवसांत आठही जागी पोचलं, तर ते एकच ठिकाण. आठ टोपल्यांत ठेवलेली अंडी आहेत असं आपण समजतो, आणि टोपली एकच असते.

अशा मेलेल्या माशांचा पुरावा आपल्या हातून कसा निसटतो तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी खालच्या टप्प्यात पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करत होते. सात वाजता मी तिथे होतो. संबंधित कार्यालयाचे लोक दुपारी दोनला आले, नमुने घेतले, आणि अहवालात प्राणवायू ठीक निघाला. ठीक निघणारच. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर खातं, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यांत कमी असतो. डोळ्यांदेखत मेलेल्या माशांना कागदावर कारणच उरलं नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत काचेच्या बुचाच्या दोन बाटल्या आणि प्राणवायू तपासायची विंकलरची द्रावणं कायम असतात. बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि मँगनस सल्फेट व आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण तिथल्या तिथे घालायचं. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे. पांढरा बसला तर नाही. शेजारी घड्याळ ठेवून फोटो काढा. तुमच्या भागात ही वेळ कमी येईल, पण जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेशी ओळख करून ठेवा.

आजोबांची आठवण वाया घालवू नका. तीन पिढ्यांमागचं सांगणारं आपल्याकडे दुसरं काही फारसं नाही. १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात कोल्हापूरच्या माशांची यादी छापून आली. त्याआधी १८३९ मध्ये विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या माशांचं वर्णन केलं, आणि नावं देताना इथल्या मच्छीमारांचे शब्दच लॅटिनमध्ये बसवले. महसीरच्या शास्त्रीय नावातलं खुद्री, कोळशीतलं कोलस, शिंगटीतलं सींगटी, मल्यातलं मुल्या, आणि नाकावर गाठ असलेल्या नुक्त्याचं नुक्ता. हा नुक्ता फक्त कृष्णा खोऱ्यातला आणि लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. महसीर शोधताना त्याच्याबद्दल जरूर विचारा. ज्यांच्या तोंडून ही नावं विज्ञानात गेली त्यांची नातवंडं अजून नदीवर आहेत, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

विचारताना 'मासे कमी झाले का' असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतील. प्रसंग धरा. तुमचं लग्न झालं त्या साली केवढा मोठा धरला होता? बंधारा झाल्यावर काय बदललं? २००५ च्या पुरानंतर? २०१९ च्या? फोटो दाखवाल तर त्यांत आपल्या खोऱ्यात कधीच नसलेल्या एखाद्या माशाचाही फोटो मिसळा. तोही 'पूर्वी मिळायचा' असं कुणी सांगितलं, तर त्या माणसाची बाकीची उत्तरं जपून घ्यायची.

आता मासा खरोखर गेला असेल तर का गेला, हे नदी चालूनच कळेल. आपण ज्याला कोल्हापुरी बंधारा म्हणतो त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पावसाळा सरला की घालतात आणि मृगाच्या आधी काढतात. शेतीला त्यानं जीव दिला, त्याबद्दल वाद नाही. पण महसीर पावसाळ्यात वर चढून गोट्यांच्या, वाळूच्या स्वच्छ तळावर अंडी घालतो. बरगे काढायला उशीर झाला की पहिल्या पाण्यावरचा चढणीचा मासा भिंतीखाली अडतो, आणि तिथे जाळी घेऊन माणसं उभीच असतात. वाळू उपसली असेल तर वर पोचूनही अंडी घालायला तळ नसतो. आणि उन्हाळ्यात सगळा मासा दोन-चार खोल डोहांत कोंडला जातो, तेव्हा एका रात्रीत एक सुरुंग किंवा ब्लीचिंग पावडरची एक पिशवी वर्षाचा मासा संपवते. पाण्यात स्फोटकं नि विष वापरणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. हे सांगणारा फलक डोहावर लागलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिलाय.

राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं. डिसेंबर २०२० मध्ये जिल्ह्यात विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं मंजूर झाली. यांत एकही नाव नदीचं नाही. डोंगरावरचे झरे त्यामुळे वाचतील, आणि ते फार मोलाचं आहे. पण महसीर आणि नुक्ता राहतात ते खाली, गावाशिवारांमधून जाणाऱ्या मधल्या टप्प्यात. तिथे राखण करणार तर गावच. महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावानं महसीर राखलेत, कुणी जाळं टाकत नाही. जवळचं उदाहरण आंबोलीचं. तिथल्या मंदिराच्या कुंडात २०२० मध्ये हिरण्यकेशी हा नवा मासा नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तेच पाणी पुढे आजरा, गडहिंग्लजला येतं.

एक कळकळीची विनंती. कुणी तुम्हाला म्हणेल, बीज आणून सोडू, प्रश्न मिटला. सोडू नका. लोणावळ्याला वाढवलेली याच महसीरची पिल्लं १९७० च्या दशकाच्या अखेरीस चांगल्या हेतूनं कावेरीत सोडली गेली. ती तिथे फोफावली आणि कावेरीतला मूळचा कुबड्या महसीर हटत गेला. धरणं आणि वाळूउपसा होताच, त्यात ही भर पडली. २०१८ मध्ये कुबड्या महसीर 'अतिसंकटग्रस्त' ठरला. ज्या कारणानं तुमचा मासा गेला ते कारण जागेवर असेल तर सोडलेलं बीजही जाईल. आणि डोहात मूळच्या वाणाचे चार उरले असतील तर त्यांचं रक्त मिसळून जाईल.

आता अर्ज. जागतिक शेरा तुमच्या अर्जानं बदलणार नाही, आणि लाल यादी हा आपल्या देशातला कायदाही नाही. पण दोन दारं आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती मागून बघा. माशांचं पान बहुधा कोरं असेल किंवा कुठून तरी उतरवलेलं. तिथे तुमच्या डोहांची नावं, फेऱ्या आणि म्हाताऱ्यांच्या मुलाखती चढवा आणि ग्रामसभेत एखाददुसरा डोह राखीव ठेवण्याचा ठराव मांडा. दुसरं, तीच वही शिवाजी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात घेऊन जा. मूल्यांकन करणारे गट अशा नोंदींवरच अवलंबून असतात. २०११ मध्ये पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या १,१४६ जाती तपासल्या गेल्या आणि सुमारे १६ टक्के धोक्यात निघाल्या, तेव्हाही पुष्कळ जातींपुढे 'माहिती अपुरी' लिहावं लागलं. हा शेरा म्हणजे अभय नव्हे. तिथे कुणी बघितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

डोहांची नेमकी जागा मात्र इथे किंवा कुठेही उघड लिहू नका. पाणमांजराची बिळं दिसली तर तीही नाही.

यंदा मृग लागायच्या आत पाटगाव ते गारगोटी हा टप्पा चाला. बारमाही पाणी राहणारे डोह किती ते मोजा, प्रत्येकाची खोली दोरीला दगड बांधून घ्या, आणि प्रत्येक डोहावर एक फेरी रात्री करा, बरोबर कुणी नदीची माहिती असलेलं घेऊन. एकट्यानं उतरू नका. खवल्यांचे फोटो मला पाठवा, मी मोजून कळवतो.