आमदारांना व्यसनाचा आजार, त्यावरचे उपचार आणि प्रतिबंध पंधरा मिनिटांत कसा समजावून सांगावा?

तुम्ही लिहिलंय की शिराळा तालुक्यातल्या तुमच्या गावात महिलांनी दारूदुकान बंद करण्यासाठी सह्या गोळा केल्या, आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीच्या, मतदानाची मागणी केली आणि आता आमदारांनी भेटायला पंधरा मिनिटं दिली आहेत. दुकानाबद्दल बायका बोलतीलच. पण व्यसन हा आजार आहे, त्याला उपचार लागतात, हे आमदारांना कसं पटवायचं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी सातारा जिल्ह्यात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. लोकप्रतिनिधींच्या अशा भेटींना बऱ्याचदा गेले आहे. माझं सांगणं एवढंच, की त्यांना मेंदूवर व्याख्यान देऊ नका. डोपामिन वगैरे ऐकताना ते मान डोलावतात, निवेदनावर 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा पडतो आणि कागद पुढच्या टेबलावर जातो. ज्या गोष्टीला त्यांच्या हातातला एखादा निर्णय जोडलेला आहे, तेवढंच विज्ञान सांगा, आणि लगेच तो निर्णय मागा.

सुरुवात दुकान बंद झाल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांपासून करा. हे त्यांना बहुधा कुणी सांगितलेलं नसतं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली, की काही तासांत हातपाय थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट यायची असेल तर ती साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काही जणांना भ्रम होतो. मी पाहिलेला एक शेतकरी अंथरुणावरच्या मुंग्या झटकत होता. मुंग्या नव्हत्याच. मधेच उठून बसायचा आणि बैलांना हाका मारायचा. बैल विकून कैक वर्षं झाली होती. घरच्यांनी आधी देवऋषी गाठला, मग गावातल्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची सलाईन लावून आणली. अशा माणसाला ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने द्यावं लागतं. नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सोबत लोराझेपाम किंवा डायझेपामसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या मात्रेत देऊन हळूहळू कमी करतात. वेळेत झालं तर माणूस आठवड्याभरात सावरतो. नाही झालं तर जीवही जातो, आणि गावात 'दारू सोडली म्हणून मेला' अशी बातमी पसरते.

हे सांगून झालं की पहिली मागणी करा : दुकान बंद व्हायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात थायमिनचं इंजेक्शन आणि ही औषधं शिल्लक हवीत, आणि ती कशी द्यायची हे तिथल्या डॉक्टरांना माहीत हवं. खर्च फार नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांसमोर हा विषय आमदार स्वतः मांडू शकतात. बंदीला विरोध म्हणून मी हे म्हणत नाही. बायकांनी ही लढाई स्वतःच्या जोरावर उभी केली आहे आणि ती जिंकायलाच हवी. पण चंद्रपूरमध्ये २०१५ ला झालेली जिल्हाबंदी २०२१ ला उठली, आणि उठवताना अवैध धंद्याचं कारण पुढे आलं. ज्याला दारूशिवाय उभंही राहता येत नाही, तो मिळेल तिथून ती आणतो. म्हणून गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' सुरू झालं, तेव्हा गावाची बंदी आणि व्यसनी माणसाचे उपचार हे दोन्ही एकत्र चाललं. तुमच्या आमदारांना हे उदाहरण नक्की सांगा, ते महाराष्ट्रातलंच आहे.

मग ते एक प्रश्न विचारतील. सगळेच विचारतात : "ताई, उपचार करून येतात आणि महिन्याभरात पुन्हा गुत्त्यावर दिसतात. ह्यांना मनावर घ्यायला नको का?"

या प्रश्नावर चिडू नका, कारण ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांचाही हाच प्रश्न असतो. उत्तर सरळ द्या. उपचारानंतर पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. बीपी पुन्हा वाढलं म्हणून आपण कुणाला 'मनावर घे' म्हणत नाही. गोळी बदलतो, पुन्हा तपासायला बोलावतो. व्यसनात मेंदूचा जो भाग 'थांब' म्हणतो तोच कमजोर झालेला असतो, आणि जो भाग 'आणखी' म्हणतो तो वरचढ झालेला असतो. घडी बसायला काही महिने लागतात. कुणाला व्यसन लागेल आणि कुणाला नाही, यात निम्म्याच्या आसपास वाटा अनुवंशिकतेचा असतो. मनाचा निश्चय लागतोच, तो आम्हीही रोज मागतो. पण तो टिकवायला फॉलोअप लागतो. नाल्ट्रेक्झोन, अकॅम्प्रोसेट यांसारखी ओढ कमी करणारी औषधं आहेत, एएच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' गटाच्या, मीटिंगा आहेत, बायकोचं आणि आईचं समुपदेशन आहे. यातलं काहीच तालुक्याला मिळत नसेल, तर एकवीस-तीस दिवस कुठेतरी ठेवून घरी पाठवलेला माणूस त्याच गल्लीत, त्याच दोस्तांत परत येतो. मग दोष कुणाला द्यायचा?

इथेच आमदार म्हणतील, "मग आपण तालुक्याला व्यसनमुक्ती केंद्राची इमारत बांधू." नम्रपणे नको म्हणा. आमदार निधीतून इमारत उभी राहते, समुपदेशकाचा पगार त्यातून निघत नाही. सातारा-सांगली पट्ट्यात फीत कापून कुलूप लागलेल्या इमारतींची कमतरता नाही. त्याऐवजी मागा : तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक. बाजारच्या दिवशी ठेवला तर अजून बरं. लोक तसेही तालुक्याला येतात आणि कुणाला वेगळं कारण सांगावं लागत नाही.

"तज्ज्ञ आणायचे कुठून?" हेही विचारतील आणि ते खरंच आहे. मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत. पण गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. धोकादायक प्रमाणात पिणारे, पण अजून पूर्ण आहारी न गेलेले पुरुष त्यात निवडले होते. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी त्यांच्याशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यातले सुमारे ३६ टक्के धोक्याच्या पातळीच्या खाली आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होतं. म्हणजे आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरातले, म्हणजे उपकेंद्रातले, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांना नीट शिकवलं तर बरीच माणसं आहारी जाण्याआधीच सापडतील. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पाचेक मिनिटांत भरून होते. बीपी मोजतात तशी तीही भरून घेता येईल.

एक आकडा मात्र कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाने काहीतरी उपचार मिळाल्याचं सांगितलं. दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक. मला वाटतं, सगळ्या भाषणापेक्षा हा आकडा जास्त काम करतो, कारण उरलेल्या ३७ जणांमागे घरं आहेत आणि त्या घरांत मतं आहेत.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती आजाराच्या व्याख्येतच आहेत. त्यामुळे सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा हक्क ठरतो, उपकार नाही. याच कायद्याने अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्रांना नोंदणी बंधनकारक केली आहे आणि साखळीने बांधायला पूर्ण मनाई केली आहे. तरीही मारहाण करून, डांबून ठेवून 'सोडवणारी' ठिकाणं चालतात. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाच्या घोट्यावर साखळीचा वण होता. घरच्यांनी त्यासाठी म्हैस विकून पैसे भरले होते. आमदारांनी जिल्ह्यातल्या नोंदणीकृत केंद्रांची यादी मागितली तरी बऱ्याच जणांची झोप उडेल. 'न कळत चहातून द्या' अशा जाहिराती भिंतींवर असतात, त्याबद्दलही बोला. डायसल्फिराम नावाचं, दारूसोबत घेतलं तर त्रास होणारं औषध रुग्णाला माहीत नसताना दिलं आणि त्यावर तो दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

प्रतिबंधाकडे वळलात की ते शाळेत व्याख्यान ठेवू म्हणतील, २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, रॅली काढू म्हणतील. मुलं शपथ घेतात, फोटो निघतो. पण भीती दाखवणाऱ्या भाषणांनी मुलांचं वागणं बदलत नाही, हे जगभर तपासून झालंय. मित्राला नाही कसं म्हणायचं, राग आणि ताण कसा हाताळायचा, हे वर्षभर तासातासाला शिकवलं तर फरक पडतो. पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, आणि पंधराच्या आत पहिला घोट घेतलेल्या मुलाला पुढे व्यसन लागण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. त्यामुळे मुख्य प्रश्न हा की शाळेच्या आसपास काय विकलं जातं. सुरुवात बऱ्याचदा दारूने होत नाही, मावा आणि गुटख्याने होते. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४ टक्क्यांहून जास्त लोक धूरविरहित तंबाखू वापरत होते. आयाबायांची मिश्री त्यातच आली. आपल्या सह्यांच्या मोहिमेतल्या बायकांशीही कधीतरी हे बोलायला हवं.

किंमत आणि उपलब्धता हे प्रतिबंधाचे सर्वांत ताकदवान उपाय आहेत आणि तेच सर्वांत अवघड, कारण मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. राज्याच्या स्वतःच्या हातात उरलेल्या मोजक्या करांपैकी हा एक. २०२५ मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क वाढवलं ते महसुलासाठीच. त्यात आपला पट्टा उसाचा. मळी, तिच्यापासून मद्यार्क काढणारी आसवनी, कारखाना आणि राजकारण एकाच अंगणात नांदतात. आमदारांना यावरून टोचू नका, ते गप्प होतील आणि भेट संपेल. उलट म्हणा की या शुल्कातला ठरलेला हिस्सा उपचारांसाठी राखून ठेवा. ही मागणी कोणत्याही पक्षाचा आमदार सभागृहात उघडपणे मांडू शकतो.

एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, विषय निघणारच. २०२४ मध्ये कुपवाडला आणि कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मेफेड्रोन सापडल्यापासून सांगलीत त्याचीच चर्चा असते. छापे पडायलाच हवेत. पण अफू-हेरॉइनच्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध आहे, तसं एमडीच्या व्यसनाला नाही. तिथे सगळी मदार समुपदेशनावर. आणि पोरगा अडकलाय हे कळूनही आईबाप पोलिसांच्या भीतीने दडवतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. हे आमदारांनी जाहीर सभेत एकदा सांगितलं तरी काही मुलं वेळेत दवाखान्यात पोचतील.

भेटीला सहा-सात जणींपेक्षा जास्त जाऊ नका. सोबत पिणं सोडून काही वर्षं झालेला एक माणूस आणि त्याची बायको हवी, त्यांची तयारी असेल तरच. तो बोलायला लागला की खोलीतली हवा बदलते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ पासून आहे. अशा ठिकाणी बरी झालेली आणि बोलायला तयार असलेली माणसं भेटतात.

निवेदन एका पानाचं करा. त्यासोबत विधानसभेत विचारायच्या तारांकित प्रश्नाचा कच्चा मसुदा द्या, म्हणजे पीएला लिहीत बसावं लागत नाही : जिल्ह्यात सरकारी मानसोपचारतज्ज्ञांची किती पदं मंजूर आहेत, त्यातली किती भरलेली आहेत, किती आरोग्य केंद्रांत थायमिन इंजेक्शन उपलब्ध आहे, नोंदणीकृत केंद्रं किती. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच दिवस आधी जमा करावा लागतो, म्हणून आताच द्या. दुकान उत्पादन शुल्क खात्याकडे, व्यसनमुक्तीचा प्रचार सामाजिक न्यायकडे, उपचार आरोग्य खात्याकडे, अशी तीन टेबलं आहेत. तिन्ही खात्यांच्या नावाने प्रती काढा आणि पोच घ्या. घरच्यांना मात्र कशाचीही वाट पाहायला लावू नका. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आजच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा.

आणि आमदारांकडे जाण्याआधी तुमच्या आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. आमदार समोरच त्यांना फोन लावतात आणि स्पीकरवर टाकून विचारतात, "काय डॉक्टर, औषध आहे का?" त्यांना आधी काहीच माहीत नसेल तर ते घाबरून "सगळं आहे साहेब" म्हणतील आणि तुमची मागणी तिथेच संपेल. आधी बोलून ठेवलंत तर काय कमी आहे, ते तेच सांगतील.